नावामागे एक खडा

त्या राज्यात आजार पुष्कळ होते आणि वैद्यही पुष्कळ होते. दोघांची गाठ मात्र क्वचित पडे. आजार तळ्याकाठी, गवतात आणि बिळांत राहत. वैद्य टेकडीवरच्या मोठ्या वडाखाली राहत. त्या वडाला आरोग्यमंडळ म्हणत.

मंडळाचे काम ठरलेले होते. कोणा वैद्याला एखाद्या आजाराविषयी काही नवे कळले की तो ते पळसाच्या पानावर कोरी आणि पान पारंबीला अडकवी. ज्याला वाचायचे असेल त्याने टेकडी चढून यावे आणि वाचावे. आजारी प्राण्याला टेकडी चढवत नाही आणि धडधाकट प्राण्याला चढायचे कारण नसते, त्यामुळे तिथे गर्दी कधी झाली नाही.

मंडळाचा अध्यक्ष एक गवा होता. भारदस्त देह, उंच वशिंड, चारही पायांत जन्मजात पांढरे मोजे. प्रत्येक पानावर कोरणाऱ्याच्या नावाआधी गव्याचे नाव असे, कारण पान त्याच्या छायेत कोरलेले असे. शिवाय पानांशी त्याचा जुना आणि जवळचा संबंध होता. उन्हाळ्यात पाला मिळेनासा झाला की तो ती खात असे. मंडळाची तीन-चार वर्षांची विद्या तो एका आठवड्यात संपवी आणि नंतर दोन दिवस रवंथ करी. त्या दोन दिवसांना मंडळात चिंतनाचे दिवस म्हणत.

याच मंडळात एक टिटवी होती. तिला झाडावर बसता येत नसे, ती जमिनीवरची. ती दिवसभर तळ्याच्या काठाने चालत असे. पूर्वी दर वर्षी पूर ओसरला की तळ्याचा ताप येई आणि पाडसे, पिले, बछडी पटापट मरत. एका वर्षी सत्तर गेली. टिटवीने त्या वर्षी सगळ्या काठाचे पाणी चाखले, दोनदा स्वतः तापाने लोळली आणि शेवटी तिला उमगले की ताप उघड्या पाण्यात आहे, वाळूतून झिरपलेल्या पाण्यात नाही. पाण्यापासून सात पावलांवर वाळूत खड्डा उकरायचा, पहिले साचलेले पाणी उपसून टाकायचे, दुसरे प्यायचे. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. तिने हे एका डुकरिणीला करून दाखवले. डुकरिणीने जावेला सांगितले, जावेने सशांना. दोन पावसाळ्यांत राज्यातली प्रत्येक आई पिलाला चालायला शिकवण्याआधी झिरा उकरायला शिकवू लागली. ताप जवळजवळ गेला. एक कटकट तेवढी उरली होती. दर पुरात वाळू सरकते आणि काल चांगला असलेला झिरा आज नासतो. म्हणून पूर ओसरला की टिटवी पुन्हा सगळा काठ चाले, पाणी चाखे आणि जिथे पाणी चांगले तिथे एक काडी रोवून ठेवी. काडी दिसली की आया तिथे उकरत.

या सगळ्याविषयी टिटवीने एकच पान कोरले होते. ते अध्यक्षांनी खाल्ले.

एका हिवाळ्यात डोंगरापलीकडून कादंब आला. कादंब म्हणजे दूरदेशीचा हंस. मानेवर काळे पट्टे, उडणे इतके उंच की अख्खे राज्य त्याला एका नजरेत दिसे. शेजारच्या राज्यातल्या मंडळाचे त्याने मोजमाप केले होते आणि तिथल्या अध्यक्षाच्या गळ्यात तेव्हापासून कमळांचा हार होता. गव्याने तो हार पाहिला होता. त्याने कादंबाला मानाने बोलावून घेतले आणि आपल्या मंडळाचे मोजमाप करण्याची विनंती केली.

कादंबाने विचारले की मंडळाचा राज्यावर परिणाम किती आहे. गव्याने सांगितले की फार मोठा आहे. कादंबाने विचारले, मोजून किती. यावर सगळे वैद्य एकमेकांकडे पाहू लागले. मागून टिटवीने सांगितले की तळ्याच्या तापाने पूर्वी सत्तर पिले मेली होती, गेल्या वर्षी दोन मेली.

कादंब म्हणाला, जी मेली नाहीत ती दाखवा.

टिटवीने खाली कुरणाकडे चोच केली. तिथे पुष्कळ पिले बागडत होती. कादंबाने बराच वेळ पाहिले आणि मग समजुतीच्या सुरात सांगितले की यांतली कोणती तापाने मरणार होती आणि कोणती तशीही जगणार होती हे वरून ओळखता येत नाही. न घडलेल्या गोष्टी त्याच्या पद्धतीत बसत नव्हत्या. त्याची पद्धत सोपी होती. ज्या वैद्याचे काम चांगले, त्याचे नाव इतरांच्या तोंडी येते. तेव्हा नुसती नावे मोजायची. राज्यात कुठेही, कोणीही, कोणाचेही नाव घेतले की त्या नावामागे एक खडा. वर्षअखेरीस ज्याचा ढीग मोठा तो वैद्य मोठा, आणि सगळे ढीग मिळून जेवढे मोठे तेवढे मंडळ मोठे.

खडे टाकायला खारीची नेमणूक झाली. ती तीन पिलांची आई होती, ओढ्याकाठच्या सावरीत राहायची. तिला गोळा करण्याची सवय होती आणि खोटे बोलण्याचा कंटाळा होता. नेमणूक झाली त्याच दिवशी तिने कादंबाला एक शंका विचारली.

"नाव घेणं वेगळं आणि नाव ठेवणं वेगळं. दोन्हीला खडा टाकायचा का?"

कादंबाला प्रश्नच कळला नाही. खारीने समजावून सांगितले: कोणाचे भले झाले की तो नाव घेतो, वाईट झाले की नावे ठेवतो. कादंबाने मान तिरकी करून विचार केला आणि सांगितले की त्याच्या देशाच्या भाषेत या दोहोंना एकच शब्द आहे. तेव्हा कारण विचारायचे नाही. नाव निघाले की खडा.

खारीने मान डोलावली आणि ओढ्यावर खडे वेचायला गेली.

पहिल्या वर्षी सगळे वैद्य गोंधळले, एक सायाळ सोडून. सायाळीच्या अंगावर लेखण्यांना तोटा नव्हता. अडुळशाने खोकला बरा होतो हे त्या राज्यात दूधपित्या पिलांनाही ठाऊक होते. सायाळीने त्यावर सात पाने कोरली. सकाळच्या खोकल्यावर अडुळसा, संध्याकाळच्या खोकल्यावर अडुळसा, चढावर लागणाऱ्या खोकल्यावर अडुळसा; सातवे पान आधीच्या सहा पानांचा आढावा घेणारे होते. प्रत्येक पानात आधीच्या पानांच्या कर्तीचे नाव आदराने घेतलेले होते. शिवाय तिने आणखी चार वैद्यांशी सख्य केले. संध्याकाळी हे पाच जण वडाखाली गोल बसत आणि हळदीकुंकवाला जमल्यासारखे आळीपाळीने एकमेकांची नावे घेत. आग्रह झाला की लाजत आणि पुन्हा घेत. खार कडेला बसून खडे टाकत राही. अंधार पडेपर्यंत तिचे पंजे दुखून येत.

तळ्याकाठी ती दुपारी जाई. तिथे वेगळाच प्रकार होता. हरणे, डुकरे, ससे, भेकरे येत, काडी पाहत, उकरत, पहिले पाणी फेकत, दुसरे पीत आणि निघून जात. नाव कोणीच घेत नसे. सूर्य उगवला म्हणून कोणी कोणाचे नाव घेत नाही, तसेच ते. खारीची स्वतःची पिलेही तिथेच पीत. टिटवी मात्र दिवसभर "टिटिव, टिटिव" ओरडत फिरे, आणि खार प्रत्येक ओरडण्याला एक खडा टाकी, कारण नाव तर निघालेच होते.

दुसऱ्या हिवाळ्यात कादंब आला तेव्हा त्याने ते सगळे खडे बाद केले. स्वतःचे नाव स्वतः घेतलेले धरता येत नाही, असे त्याने सांगितले. खारीने सायाळीच्या सात पानांचा विषय काढला. कादंबाने खुलासा केला की तिथे नाव सायाळ घेत नाही, पान घेते. या दोहोंतला फरक मात्र त्याच्या देशाच्या भाषेत होता.

हिशेब लागला. सायाळ, बाराशे चार. टिटवी, तीन. त्या तिनांतले दोन खडे ती म्हातारी डुकरीण झिरा उकरताना पुटपुटली त्याचे होते. तिसरा एका करकोच्याचा. तो दुसऱ्याच कोणा टिटवीला हाक मारत होता, पण तसे सिद्ध करता आले नाही.

गव्याने टिटवीला वडाखाली बोलावून घेतले. त्याचा स्वर दुःखी होता. मंडळाची सरासरी तिच्यामुळे खाली आली होती. काठाने चालणे ही उत्तम सवय आहे, प्रकृतीला चांगली आहे, पण ते वैद्यकीय संशोधन नव्हे, असे त्याने तिला सांगितले. पुढचे वर्षभर तिने वडाखाली बसून पाने कोरावीत, काठावर जाऊ नये. टिटवीने विचारले की पूर ओसरल्यावर काड्या कोण रोवणार. गव्याने उत्तर दिले की त्या विषयावर एखादे पान जरूर कोरावे.

खाली उतरताना तिला खार भेटली. खारीला वाईट वाटत होते, कारण आकडा तिनेच सांगितला होता.

"टिटवीताई, मी काय करू सांग," ती म्हणाली. "मला जे ऐकू आलं त्याचेच खडे मी टाकले."

"तुझं काही चुकलं नाही गं. खडे नकोतच मला," टिटवी म्हणाली. "पावसाळ्यात पिलांना जपून पाणी पाज, एवढं कर. जुन्या काडीवर भरवसा ठेवू नकोस."

त्या वर्षी पाऊस फार झाला. पुराने काठाची वाळू उलटीपालटी केली. टिटवी वडाखाली बसून होती आणि अध्यक्ष तिच्यावर लक्ष ठेवून होते. खाली जुन्या काड्यांपैकी काही तगून राहिल्या होत्या आणि आया त्यांच्यापाशीच उकरत होत्या. आठ दिवसांत तळ्याचा ताप परत आला. पहिल्यासारखा नव्हे, पंधरा-वीस पिले आजारी पडली, तीन गेली. पण सत्तर पिले गेली तो पावसाळा ज्यांनी पाहिला होता त्यांनी वाट पाहिली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आया टेकडी चढून वडाखाली आल्या आणि उपाय विचारू लागल्या.

उपाय तयार होता. सायाळीने ताजेच पान अडकवले होते: तळ्याच्या तापावर गुंजा. वेलीवरच्या त्या लालबुंद, काळ्या डोळ्याच्या बिया कुटाव्यात, मधात कालवाव्यात आणि पिलांना चाटवाव्यात. ताप आलेला असेल तर उतरतो, नसेल तर येत नाही. तिने हे तीन सशांवर करून पाहिले होते. पहिल्याने बी थुंकून टाकली. दुसऱ्याने न चावता गिळली आणि त्याला काही झाले नाही. तिसरा कुटलेली गुंज चाटून घरी गेला, त्याची पुन्हा गाठ पडली नाही. पानावर लिहिले होते की तीनपैकी दोघांना उपाय मानवला आणि तिसऱ्याची तक्रार आलेली नाही.

वडामागून टिटवी जीव तोडून ओरडत होती. पण तिचे ओरडणे नेहमीचेच होते आणि अधिकृतपणे बाद ठरलेले होते. आयांनी दोन्ही ढिगांकडे पाहिले. एक ढीग गव्याच्या वशिंडाला लागत होता. दुसऱ्यात तीन खडे होते. तापलेले पिलू पाठीवर असताना कोणीही जे केले असते तेच त्यांनी केले.

खारीनेही गुंज कुटली. सायाळीचा ढीग तिने स्वतःच्या पंज्यांनी रचला होता. त्यातला एकही खडा खोटा नव्हता, हे तिच्याइतके खात्रीने कोणालाच माहीत नव्हते. तिने तिघांसाठी तीन बोटे कालवली. थोरल्या दोघांनी तोंडे वेडीवाकडी करून ती थुंकली. धाकटी शहाणी होती. तिचे नाव शेवरी. तिने सगळे चाटून घेतले आणि बोटही चाटले.

चौथ्या दिवशी शेवरी गेली. त्या आठवड्यात चाळीस पिले गेली. भेकरीचे एकुलते पाडस गेले, सशिणीची दोन गेली, डुकरिणीचा नातू गेला. तळ्याकाठच्या उंचवट्यावर त्यांना पुरले आणि वर माती सारली.

मग त्या राज्यात एकच नाव उरले. आया सकाळी उठून सायाळीचे नाव घेत, दुपारी घेत, रात्री झोपेतून दचकून घेत. बोटे मोडत, तळतळाट करत, जमिनीवर डोके आपटत नाव घेत. खार सावरीच्या ढोलीत बसली होती. शेवरीची जागा अजून उबदार असल्यासारखी ती तिथे पंजा ठेवून होती. तिच्या तोंडूनही ते नाव निघाले. मग ती उठली, ओढ्यावर गेली, एक खडा उचलला आणि वडाखाली नेऊन टाकला. काम काम होते, आणि खोटेपणाचा तिला कंटाळा होता.

मंडळातही हालचाल झाली. चार वैद्यांनी सायाळीच्या पानावर सडकून टीका करणारी चौदा पाने कोरली. प्रत्येक पानात तिचे नाव अकरा वेळा होते. सायाळीने मोठ्या मनाने आपले पान मागे घेतले आणि ते मागे घेतल्याचे नवे पान कोरले. मागे घेतलेल्या पानाची कर्ती म्हणून त्यात तिने आपले नाव नऊ वेळा घेतले.

टिटवीने कोणाला न विचारता वडाखालची जागा सोडली. ती काठावर गेली, सगळे पाणी चाखले, काड्या उपटल्या, नव्या रोवल्या. दहा दिवसांत ताप थांबला. तिला परवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल मंडळातून कमी करण्यात आले.

हिवाळ्यात कादंब आला तेव्हा सायाळीचा ढीग टेकडीवरून ओघळून वाटेत आला होता. असा ढीग त्याने डोंगराच्या दोन्ही बाजूंना कधी पाहिला नव्हता. त्याने अहवाल वाचून दाखवला. एका पानाला एका वर्षात एवढा परिणाम कुठल्याही राज्यात कुणी साधलेला नव्हता. गुंजेचे पान अडकवल्यानंतर तळ्याचा ताप थांबला, असेही त्यात एक वाक्य होते. ते खोटे नव्हते. "नंतर" हा शब्द त्यात स्पष्ट होता. मंडळ सर्व राज्यांत पहिले आले. गव्याच्या गळ्यात कमळांचा हार पडला. तो त्याने संध्याकाळपर्यंत खाल्ला नाही.

थंडीतल्या एका दुपारी भेकरी उंचवट्यावर आली होती. तिथे ती रोज येई. खार तिथेच एका दगडावर बसलेली असे, कारण सर्वांत जास्त नाव तिथेच निघे. भेकरीने पाडसाच्या मातीवर तोंड टेकवले आणि सायाळीला शिव्या घातल्या. शेजारी टक आवाज झाला. दुसरी शिवी घातली, पुन्हा टक झाले. तिने मान वर केली.

"काय टाकतेस गं मघापासून?"

"खडा," खार म्हणाली. "तू नाव घेतलंस. मला टाकावा लागतो."

"कुणाचा?"

"सायाळीचा. याच खड्यांवर पहिला नंबर आला मंडळाचा."

भेकरी तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी माझ्या लेकरासाठी रडले ते तिच्या ढिगात गेलं?"

खार खाली पाहून एवढेच म्हणाली, "माझंही गेलंय, बाई."

ती गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या आयांना कळली. दुसऱ्या दिवसापासून उंचवटा गप्प झाला. आया येत, बसत, जात. तोंडातून ते नाव काढत नसत. रागाने ओठ फुटले तरी काढत नसत. खार दिवसभर रिकामी बसू लागली. वडाखाली पाच जण गोल बसून एकमेकांची नावे घेत होते, पण चाळीस लेकरांच्या आयांच्या तळतळाटाची सर त्याला येईना. उन्हाळा सरता सरता ढिगाची वाढ थांबली. गव्याला झोप लागेना. पहिला नंबर आणण्यापेक्षा टिकवणे अवघड असते, असे तो रवंथ करताना म्हणू लागला.

पावसाळा संपल्यावर त्याने उपाय काढला. गुंजेच्या दुर्घटनेला वर्ष होत होते. मंडळाने उंचवट्यावर शोकसभा ठेवली. मंडळ टेकडीवरून खाली उतरण्याची ही पहिलीच वेळ होती. सर्व वैद्य आले, सायाळ आली, काटे मिटवून पहिल्या रांगेत बसली. आयांना निरोप गेले होते की ज्या घरातली आई सभेला येणार नाही त्या घराला पुढे आजारपणात मंडळाकडे येता येणार नाही. आया आल्या. टिटवी तळ्याच्या बाजूला, ओल्या वाळूत उभी होती. पूर नुकताच ओसरला होता आणि तिचे काम अर्धे राहिले होते.

गव्याने भाषण केले. गेलेली लेकरे सगळ्या राज्याची होती, असे तो म्हणाला. असे पुन्हा घडू नये म्हणून झालेले विसरता कामा नये, आणि विसरू नये यासाठी प्रत्येक आईने पुढे यावे आणि कोणाच्या औषधाने आपले लेकरू गेले ते मोठ्याने सांगावे. लाजू नये. हवे तर दोनदा सांगावे. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. खार खड्यांची टोपली घेऊन शेजारी उभी होती. टोपली तिला भरगच्च आणायला सांगितले होते.

पहिल्यांदा भेकरीला बोलावले. ती पुढे आली. पाडसाच्या मातीपाशी जाऊन उभी राहिली. गव्याने हलकेच आठवण करून दिली की नाव सांगायचे आहे.

"मोहोर," भेकरी म्हणाली.

गवा थांबला. त्याला वाटले, तिला नीट समजले नाही. कोणाचे नाव सांगायचे ते त्याने पुन्हा समजावले.

"मोहोर," ती पुन्हा म्हणाली. "माझ्या पाडसाचं नाव मोहोर होतं. कपाळावर पिवळट ठिपका होता, म्हणून."

खारीने टोपलीत हात घातला. एक खडा घेतला आणि तो उंचवट्यावर, त्या पाडसाच्या मातीवर ठेवला. मग दुसरा घेतला, कारण नाव दोनदा निघाले होते. नंतर तिला आठवले की तिसऱ्यांदाही निघाले, आणि तिने तिसराही ठेवला.

"हे काय चाललंय?" गव्याने विचारले. "हा ढीग कोणत्या वैद्याचा?"

"नाव निघालं," खार म्हणाली. "कुणाचं आणि कशासाठी, ते मला विचारायचं नाही."

गवा सायाळीकडे पाहू लागला आणि सायाळ आभाळाकडे. तेवढ्यात सशीण उठून पुढे आली. तिने दोन नावे घेतली, कापशी आणि तुरा. खारीने दोन्हीकडे खडे ठेवले. म्हातारी डुकरीण उठली आणि नातवाला ढब्या म्हणत असू असे सांगितले. खरे नाव काय होते ते तिला आठवेना आणि ती त्यावर रडली. एकामागून एक आया उठत गेल्या. गव्याने सभा संपल्याचे दोनदा जाहीर केले, ते कोणी ऐकले नाही. एकोणचाळीस नावे झाली तेव्हा पुढे कोणी येईना. टोपली जवळजवळ रिकामी झाली होती. सगळ्या आया खारीकडे पाहत होत्या.

तिने टोपली खाली ठेवली.

"शेवरी," ती म्हणाली, आणि खडा ठेवायला तिला वेळ लागला.

त्यानंतर ती वडाखाली कामावर गेली नाही. आया रोज संध्याकाळी झिऱ्यावर पाणी पिऊन उंचवट्यावर येत आणि आपापल्या लेकराला हाक मारत. ज्याला हाक मारली त्याच्या मातीवर एक खडा. खडे आता आयाच येताना ओढ्यातून घेऊन येत. टिटवी काठाने चालता चालता तिथे थांबे, थोडा वेळ एका पायावर उभी राही आणि पुन्हा वाळूत उतरे. त्या वर्षी तळ्याच्या तापाने एकही पिलू गेले नाही. हे कोणी कुठे लिहिले नाही.

महिन्याभरात उंचवट्यावर चाळीस छोटे ढीग उभे राहिले, पांढरे आणि स्वच्छ.

थंडी पडली आणि डोंगरावरून कादंब आला. वर्षभरात त्याच्याकडे आणखी बरीच राज्ये मोजायला आली होती, त्यामुळे खाली उतरण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता. त्याने उंचावरूनच एक चक्कर मारली. टेकडीवरचे ढीग तो ओळखत होता. त्यांत फारसा बदल नव्हता. मग त्याला तळ्याकाठी नवीन काहीतरी चमकताना दिसले. त्याने पंख स्थिर केले आणि सावकाश, एकही न चुकवता मोजले. खाली आया एकेका ढिगापाशी बसल्या होत्या, पण एवढ्या उंचीवरून त्या ढिगांच्या सावल्यांसारख्या दिसत होत्या. आवाज वर येत नव्हता. कादंब मनापासून सुखावला. मंडळासाठी इतकी उमेद देणारी गोष्ट त्याने त्या हिवाळ्यात दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. त्याने पुढच्या राज्याकडे वळता वळता नोंद केली: यंदा चाळीस नवे वैद्य. सर्व अगदी तरुण. अजून कोणाचेही एकसुद्धा पान नाही, तरी नाव रोज घेतले जाते.